प्रतिबंधित प्रत

खडूच्या रेघेच्या चांगली दोन बोटं वर कात्री गेली आणि कापड कापलं गेल्यावरच मला कळलं की मी काय केलं. पँट होती समोर उभ्या असलेल्या मास्तरणीची. ती कॉलेजात शिकवते, कपडे विकत घेते ते कायम स्वतःपेक्षा उंच माणसाचे, आणि मग आखूड करायला माझ्याकडे आणते. नवीन कपडे मी शिवत नाही. दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं आणि समोरच्याच्या मापाला आणायचं, हा माझा धंदा. तर ती भिंतीकडे बघत नुसती म्हणाली होती, "अय्या, हा फोटो तुमच्याकडे कसा?" भिंतीवर एकच फोटो आहे. टेलिफोन केंद्रातल्या लांबच लांब बोर्डासमोर स्टुलांवर बसलेल्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या, डोक्यावर ते कानाचं यंत्र, हात वर. डावीकडून तिसरी, कोपरावर रफू केलेला स्वेटर घातलेली, ती माझी आई. "माझी आई आहे त्यात," मी म्हटलं. "तुम्ही कुठं पाहिलात?" ती म्हणाली, "एका प्रबंधात. पीएचडीच्या. ह्या टेलिफोनवाल्या बायकांवरच आहे तो. मुलाखती आहेत मागे, पानंच्या पानं. काय बोलतात हो त्या बायका! एक तर इतकी बोलते, इतकी बोलते, की..." आणि इथे तिने जीभ चावली. माझी कात्री तोवर निघून गेली होती.

इतकी बोलते. माझी आई घरी बोलत नसे. म्हणजे मुकी नव्हती. पाणी आलं, दार लाव, निघाले, एवढं बोले. पण बोलणं ज्याला म्हणतात, आज असं झालं मग तसं झालं, ते तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजत, ती आत येई, चपला भिंतीला लावून ठेवी, खुर्चीत बसे, आणि तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी बसून राही. बाहेर सगळ्या शहराने तिचा आवाज ऐकलेला. कोण कुठले व्यापारी, डॉक्टर, भांडखोर मेहुणे, प्रेमात पडलेली पोरं, सगळ्यांना तिचं "कोणता नंबर हवा?" ऐकायला मिळायचं, आणि घरी आम्ही दोघं भावंडं तिच्या पाठीकडे बघत बसायचो. दादा त्यातून लवकर सुटला. तो बाहेर हुंदडायचा. मी मात्र बोलायचे. शाळेतलं, वाटेवरचं, शेजारणीच्या मांजरीचं, जे सापडेल ते तिच्यापुढे ओतायचे. दादाने माझं नाव रेडिओ ठेवलं होतं. "रेडिओ लागला," म्हणायचा आणि बाहेर पळायचा. आई "हं" म्हणायची. पहिल्याच वाक्याला "हं", आणि मग तिचे डोळे असे होत की आत दिवा आहे पण माणूस घरात नाही. आणि आता ही मास्तरीण, माझ्याच दुकानात, माझ्याच समोर उभी राहून मला सांगते की तिने माझ्या आईचं बोलणं वाचलंय, पानंच्या पानं, वर गंमतही वाटली तिला. मला पँटचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"कोण कोण आहे त्यात? नावं आहेत?" मी विचारलं. "नाही नाही, नंबर असतात फक्त. माहितीदाता क्रमांक अमुक." माहितीदाता! मी तिला म्हटलं, मला तो प्रबंध पाहिजे. ती जरा वरमली. "विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पण..." पण काय ते तिने सांगितलं नाही. पँटचे पैसे मी घेतले नाहीत, उरलेलं कापड जोडून नीट करून देते म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून निघाले.

विद्यापीठात मी त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. फाटकावर पास काढावा लागतो. कोणाकडे काम आहे, असा रकाना होता. मी लिहिलं, आईकडे. पहारेकऱ्याने ते वाचलंच नाही, शिक्का मारला. ग्रंथालयाची इमारत उंच आणि गार, आत फरशी इतकी गुळगुळीत की आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला अपराध्यासारखा ऐकू येतो. प्रबंध विभाग तळमजल्यावर, लांब टेबलामागे गळ्यात मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ. बाहेर ऊन होतं, त्याच्या गळ्यात मफलर होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, एवढं शांतपणे की मला शंका आली, आणि मग विचारलं, "तुमची संस्था?" मी म्हटलं, "माझं दुकान आहे. कपडे दुरुस्तीचं." तो म्हणाला, "तसं नाही हो. प्रबंध बघायचा तर विद्यार्थी पाहिजे, नाहीतर अध्यापक, नाहीतर मान्यताप्राप्त संशोधक. बाहेरच्या माणसाने आपल्या संस्थेच्या ग्रंथालयातर्फे मागणी पाठवायची. मग ते ग्रंथालय आम्हाला लिहितं, आम्ही त्यांना कळवतो." "मग पुस्तक माझ्याकडे येतं?" "नाही, पुस्तक इथंच राहतं. परवानगी जाते." मी म्हटलं, "मी इथंच उभी आहे. परवानगीला कशाला गावभर फिरवता?" त्याला हसू आलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं.

त्याने तरी शोधून बघतो म्हटलं. प्रबंधाचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी सांगत गेले, टेलिफोन, बायका, मुलाखती, आणि तो एकेक शब्द संगणकात घालत गेला. यादी आली, त्याने ती पुढे सरकवली, मागे आणली, विद्यापीठातल्या कोण कोण लोकांनी कशाकशावर डोकी फोडली आहेत ते मला पडद्यावर ओझरतं दिसत होतं, आणि मग तो थांबला. "सापडला. टेलिफोन केंद्रातील स्त्रियांचे श्रम व संभाषण." "पण दिसणार नाही," तो म्हणाला. "का?" त्याने पडदा माझ्याकडे वळवला. नावापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: प्रतिबंधित. आणि खाली बारीक: माहितीदात्यांच्या गोपनीयतेच्या रक्षणार्थ. मी ते परत वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "कुणापासून रक्षण?" मी विचारलं. "कुणाही परक्यापासून," तो म्हणाला. "मी परकी?" "बाई, तुम्ही मुलगी असालही. पण आत नावं नाहीत, नंबर आहेत. कोणता नंबर कुणाचा, हे कुणालाच माहीत नाही, ती यादी नष्ट करायची असा दंडकच असतो. मग तुम्ही कुणाची मुलगी ते ठरवायचं कसं?" मी पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला. फ्रेमसकट नेला होता. त्याने पाहिला. "ह्यात सगळ्या पाठमोऱ्या आहेत." "डावीकडून तिसरी." "पाठीवरून कसं ओळखायचं?" आता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तुम्हाला नाही येणार ओळखता. मला येईल. मी जन्मभर तिची पाठच पाहिली आहे." पलीकडच्या टेबलावरचे दोन विद्यार्थी माना वर करून बघायला लागले. मफलरवाल्याने बोट ओठांवर ठेवलं. त्या बोटाचा मला इतका संताप आला की फोटो उचलताना फ्रेमचा कोपरा त्याच्या टेबलाला लागला आणि काचेला तडा गेला. अजून आहे तो.

परत येताना रस्ताभर मी भांडत होते. मनातल्या मनात, पण ओठ हलत असणार, कारण समोरून येणारी एक बाई जरा बाजूला झाली. काय हा न्याय! मास्तरीण, जिचा माझ्या आईशी सात जन्मांचा संबंध नाही, जी आई बोर्डावर बसत होती तेव्हा जन्मलीही नव्हती, ती बसून आरामात वाचते, तिला त्या मजकुराची गंमत वाटते, चार ठिकाणी सांगते. आणि मी मागायला गेले की माझ्यापासून आईचं रक्षण! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत होता आणि गाववाले काखच उघडू देत नव्हते. माझ्या आईचा काय खजिना होता हो? तिने उभ्या आयुष्यात कुणाची चोरी केली नाही, कुणाचं घर फोडलं नाही. तिच्याकडे लपवण्यासारखं काही असेल तर तिचं बोलणंच, आणि ते तिने आमच्यापासून लपवलं. मला एकदम ती दुपार आठवली. इतकी वर्षं ती कुठे होती कोण जाणे. आईची सुट्टी होती. एक बॉबकट केलेली बाई आमच्या खोलीत आली, खांद्याला लटकवलेलं टेपरेकॉर्डरचं धूड तिने टेबलावर ठेवलं, मला एक पेन दिलं आणि आईने मला सांगितलं, जरा जिन्यात बस. मी जिन्यात बसले. पेनाने भिंतीवर रेघा ओढल्या. मग दारामागून आवाज यायला लागला. मोकळा, भरभर, मधेच खळखळून हसणारा. मला वाटलं आणखी कुणी आत आलं. मी जिन्यातून कुणाला वर जाताना पाहिलं नव्हतं, तरी वाटलं. तो आवाज आईचा आहे हे कळायला मला बराच वेळ लागला. आणि कळल्यावर मी दार ढकलून आत डोकावले. पुढचं आठवत नाही. परत जिन्यातच बसलेली आठवते.

त्या बॉबकटवालीने ते सगळं नेलं. एकदाच नाही, बऱ्याचदा आली ती. गोड बोलायची, मला रेवड्या वाटाव्यात तशी पेनं वाटायची. तिला पदवी मिळाली, पदवीवर नोकरी मिळाली असेल, नोकरीवर मान. आणि आम्हाला काय? तो पाठमोरा फोटो. दादाला मी फोन केला, कारण रागाला कुणीतरी लागतं. तो म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. काय मिळणार आहे आता वाचून?" मी म्हटलं, "आई काय बोलत होती ते मिळेल." तो म्हणाला, "आई शांत होती. शांत माणसं असतात." मी म्हटलं, "दादा, ती शांत नव्हती. आपल्याशी शांत होती." तो म्हणाला, "रेडिओ परत लागला बघ," आणि हसला. मी फोन ठेवून दिला. त्याला हे कळायचं नाही. तो पळून जात होता, म्हणून त्याला कधी उत्तराची वाट बघावी लागली नाही. मी रोज समोर बसायचे.

आणि मी थांबले कधी, तेही मला पक्कं आठवतं. शिवणाच्या वर्गात बाईंनी माझ्या हातचा सदरा सगळ्यांपुढे धरून टराटरा उसवला होता. माझी चूक नव्हती. शेजारच्या मुलीने माझा तुकडा बदलला होता. घरी येऊन मी आईला ते सांगितलं, पहिल्यापासून, कोण कुठे उभं होतं, बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणायला हवं होतं. सांगताना रडले. आई "हं" म्हणाली. मी थांबून विचारलं, "आई, मी काय सांगितलं आत्ता?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिला आठवेना. चेहऱ्यावर अशी काही घाबरलेली ओशाळी छटा आली की मला तीच जास्त झोंबली. ती म्हणाली, "काय ते?" बस. मी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून मीसुद्धा पाणी आलं, दार लाव, निघाले. दादा लग्न करून वेगळा झाला, आम्ही दोघी एका घरात राहिलो, माझ्या मशीनचा आवाज आणि तिचा खोकला. शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा खाटेवरून माझ्याकडे टक लावून बघायची. मी विचारायचे, "पाणी हवंय?" ती मान हलवायची, नको. "पाय चेपू?" नको. मग परत बघत राहायची. मला राग यायचा. काय हवं ते बोलायला काय होतं, असं वाटायचं. जाईपर्यंत ती तशीच बघत होती.

मास्तरीण पँट न्यायला आली तेव्हा पार ओशाळलेली होती. म्हणाली, "मी तुम्हाला सांगायला नको होतं. आम्हाला लिहून द्यावं लागतं, की कोण माणूस कोण हे ओळखलं तरी बाहेर बोलणार नाही म्हणून." मी म्हटलं, "आता बोललात. आता अर्ध्यात सोडू नका." ती म्हणाली की एक मार्ग आहे, लेखकाने स्वतः लेखी परवानगी दिली तर ग्रंथालय कुणालाही बघू देतं. आणि ह्या प्रबंधाच्या लेखिका निवृत्त झाल्यात, पण आहेत. तिने नंबर दिला. देताना ती कचरली, पण पँट बघून जरा सावरली. मी तिला उरलेल्या कापडात मूळच्यापेक्षा चांगली पट्टी लावून दिली होती. मी चिडलेली होते, काम बिघडवलेलं नव्हतं.

फोनवर म्हातारा, बारीक आवाज आला. मी आईचं नाव सांगितलं आणि पलीकडे एकदम उजाडल्यासारखं झालं. "अगं बाई! तिची मुलगी? जिन्यात बसायचीस ती? काय बाई होती तुझी आई! सगळ्यांत जास्त तीच बोलली. टेप संपायची, मी बदलेपर्यंत ती थांबायची नाही, ते मधलं सगळं गेलंच बघ. इतकं हसवलं तिने मला..." हे ती प्रेमाने बोलत होती, आणि माझ्या जखमेवर मूठमूठ मीठ पडत होतं. मी मधेच म्हटलं, "टेपा आहेत?" "नाहीत गं. पुसल्या. तेव्हाचा दंडक तसा होता, लिहून काढलं की पुसायचं. परिशिष्टात आहे तेवढंच." "मग ते मला बघायचंय. तुमचं पत्र लागतं." ती म्हणाली, "एक सांगू? तो प्रतिबंध मी घातला ना, तो विद्यापीठाच्या हौसेने नाही घातला. तुझ्या आईने घालायला लावला. बाकीच्या कुणीच काही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, कुणीही वाचा, पण हे माझ्या घरी जाता कामा नये. माझ्याकडून वचन घेतलं तिने."

म्हणजे ते लाल अक्षर मफलरवाल्याचं नव्हतं, विद्यापीठाचं नव्हतं. आईचं होतं. परक्यांपासून नाही, माझ्यापासूनच रक्षण. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला वाटलं होतं की मी जगाशी भांडतेय, आणि जग आपलं एका बाईचा शब्द पाळत बसलं होतं. असं कळल्यावर माणूस नरमतो म्हणतात. मी नाही नरमले. मी उलट इतकी पेटले की आवाज चढला. म्हटलं, "तिने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. बरोबर. पण तुम्ही तिच्या बोलण्यावर पदवी घेतलीत. तिला हसताना ऐकलंत. मी जिन्यात बसून होते, माझ्या वाटेला ते दारामागून आलं. आणि आता ती नाही. तिचा तुम्ही पाळलेला शब्द माझ्या डोक्यावर का?" ती म्हणाली, "काय आहे त्यात ते मला आता नीट आठवतही नाही. तुला लागेल असं काही असलं तर?" "लागू दे. इतकी वर्षं काही नाही लागलं, तेच लागत आलंय." मग ती अगदी हळू म्हणाली, "पत्र देते. वचन मी मोडतेय हं, तू नाही."

मफलरवाल्याने पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आत गेला, आणि काळ्या बांधणीचा जाडजूड प्रबंध दोन्ही हातांनी घेऊन आला. "इथंच बसून वाचायचं. फोटो काढायचा नाही, झेरॉक्स नाही. पेन्सिल चालेल." खिडकीजवळचं टेबल दाखवलं. त्या दिवशी विद्यार्थी नव्हते, सुट्ट्या लागल्या होत्या. मी बसले. बांधणीच्या पाठीला घातलेला दोरा अजून घट्ट होता. चांगल्या हाताने शिवलेला होता. पुढची पानं मी भराभर उलटली. त्यात मोठमोठे शब्द होते, प्रत्येक ओळीला दमून बसावं असे. फोटो आला. तोच. मग परिशिष्ट. मुलाखती एकापाठोपाठ एक, आणि वर फक्त नंबर. पहिली बाई पगाराबद्दल बोलत होती, तिचा नवरा तिला रोज पोचवायला येई म्हणाली. ती आई नव्हती. दुसरी फार रुसकी होती. पुढची एक पाठदुखीबद्दल बोलली, मला क्षणभर वाटलं, पण नाही, तिला तीन मुलगे होते. मग एक पान उलटलं आणि ओळखीची पावलं जिन्यावर वाजावीत तसं झालं. कुणी सांगायची गरज नव्हती.

ती बोलत होती. एक माणूस रोज एकच नंबर मागायचा, पलीकडून कुणी उचलायचं नाही, तरी म्हणायचा, वाजू द्या ताई थोडं. दुसरा एक घरचं भांडण झालं की तिच्यावरच ओरडायचा. ती त्यांचे आवाज काढून दाखवत असणार, कारण बॉबकटवालीने कंसात लिहिलं होतं, नक्कल करते. माझी आई नकला करायची! मी वाचत गेले. मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. आणि मग हे आलं.

"जोडून दिलं की आमची चावी, म्हणजे आमच्या कानाला येणारी लाइन, बंद करायची. पुढचं ऐकायचं नाही, ऐकलं तर नोकरी जाते. नवीन होते तेव्हा मुद्दाम लक्ष काढून घ्यावं लागायचं. आता कानच तसा झालाय. पहिले दोन शब्द ऐकू येतात, मग आपोआप बंद. आणि ते घरी पण होतं हो. मुलगी माझी बोलायला लागते, फार बोलते ती, आणि माझा कान आपला मिटतो. तिने काय सांगितलं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. शब्द नाही येत, पण आवाज येत राहतो. तो नाही थांबावासा वाटत. दिवसभर माझ्याशी जो बोलतो तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचं असतं म्हणून बोलतो. ही एकटी माझ्याशीच बोलायला येते. तिला कुठं जोडून द्यावं लागत नाही. (दार उघडून मुलगी डोकावते. आत येऊ का, विचारते. ही उत्तर देत नाही. मुलगी जाते. ही हसते.) ऐकलात आवाज? हाच. पण हे घरी नका कळू देऊ हं. आई ऐकत नाही असं कळलं तर बोलायची थांबेल ती. मग मी काय करू?"

त्याखाली दुसरा विषय सुरू झाला होता, सुट्ट्यांचा. मी पुन्हा वर गेले. मग मी काय करू. बॉबकटवालीने पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं, उत्तर लिहिलं नव्हतं. खाटेवरचे ते डोळे माझ्यासमोर आले. पाणी नको, पाय चेपायला नको. मी काय समजत होते आणि तिला काय हवं होतं! आणि मला रडू यायच्या ऐवजी असा संताप आला, अशी चीड, की मी त्या पानावर हात आपटला. "मग मला सांगायचं होतंस!" मी म्हटलं. "जगाला सांगितलंस, टेपेवर सांगितलंस, त्या बाईला शपथ घातलीस, आणि मला नाही? ऐकू येत नाही म्हणायचं होतंस. मी तरी बोलले असते. मी भिंतीशी बोलले असते तू समोर बसलीस तर. एवढं घाबरलीस, आणि झालं तेच ना? थांबले ना मी?" माझा आवाज त्या गार खोलीत चारी भिंतींना लागून परत येत होता.

मफलरवाला टेबलामागून उठून आला. "बाई," तो हळूच म्हणाला, "इथं बोलायची बंदी आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." तो उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, उघड्या पानाकडे बघितलं, मग वळला, आपल्या खुर्चीत जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला. कुठलीतरी कार्डं काढून लावायला लागला.

मी खुर्ची पुढे ओढली. "आई, अगं," मी म्हटलं, "परवा काय झालं माहितीये? एका मास्तरणीची पँट मी चुकून आखूड कापली." इथपर्यंतच तिला ऐकू गेलं असतं. पुढचं मी तरीही सांगितलं, पट्टी कशी लावली ते, विद्यापीठाचा पहारेकरी, काचेला गेलेला तडा, शिवणाच्या वर्गातला तो सदरा आणि मी काय म्हणायला हवं होतं ते सगळं, दिवे मालवायची वेळ होईपर्यंत.